कानशिलावरचा चट्टा आणि प्रकाशाचा उपचार

पाटबंधारे खात्यातील माझ्या नोकरीचा मोठा भाग उजनीच्या कालव्यांवर, उघड्या माळावर गेला. डाव्या कानशिलावर उठलेल्या तांबूस, खरखरीत चट्ट्याचा संबंध त्या उन्हाशी असू शकतो, असे सोलापुरातील त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्याच तपासणीत बोलून दाखवले. त्याआधी बरेच महिने तो चट्टा नायटा म्हणून ओळखला जात होता आणि त्यावर तशीच मलमे लावली जात होती. बायोप्सीचा अहवाल आला तेव्हा त्यात बोवेन्स डिसीज असे निदान होते. हा त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात अडकून राहिलेला, खालच्या थरात न उतरलेला कर्करोग असतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन बोवेन यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव आहे. कर्करोग हा शब्द ऐकून घरात जे व्हायचे ते झाले; त्याविषयी येथे लिहीत नाही.

उपाय अनेक होते. शस्त्रक्रिया करून चट्टा काढता आला असता, अतिशीत द्रव नायट्रोजनने तो गोठवता आला असता किंवा काही आठवडे ५-फ्लुओरोयुरासिलचे मलम लावता आले असते. मात्र कानशिलाच्या त्वचेखालून कपाळ आणि भुवई उचलणारी चेतातंतूची शाखा फार उथळ जाते, चट्टाही चांगला रुपयाच्या नाण्याएवढा पसरलेला होता, आणि रोग वरच्या थरातच असल्याने इतके खोल कापण्याची निकड नव्हती. म्हणून फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी, हा पर्याय पुढे आला आणि मला पुण्यातील एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. वेळ ठरवण्यासाठी फोन केला तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने उपचाराची कल्पना दोन वाक्यांत दिली होती : थोडी आग होईल, आणि दोन दिवस उन्हात जायचे नाही. ही दोन्ही वाक्ये खोटी नाहीत. परंतु ‘थोडी’ म्हणजे किती आणि ‘ऊन’ म्हणजे नेमके काय, हे कळायला माझा सगळा उपचार पार पडावा लागला. ज्यांना हा उपचार सुचवला गेला आहे त्यांच्यासाठी ते सविस्तर लिहून ठेवतो.

आधी उपचाराची घडण समजून घेतली तर पुढचे त्रास आकस्मिक वाटत नाहीत. चट्ट्यावर मिथाइल अमिनोलेव्हुलिनेट नावाच्या द्रव्याचे मलम लावतात. आपल्या पेशी रक्तातील हीम ज्या साखळीतून तयार करतात त्याच साखळीत हे द्रव्य शिरते आणि वाटेत प्रोटोपॉर्फिरिन-९ नावाचा पदार्थ साठतो. रोगट पेशींमध्ये तो निरोगी पेशींपेक्षा बराच जास्त साठतो. त्यावर ठरावीक तांबडा प्रकाश, साधारण ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा, पाडला की तो पदार्थ प्रकाशाची ऊर्जा शोषून जवळच्या प्राणवायूला देतो आणि असा चेतवलेला प्राणवायू त्या पेशी मारतो. म्हणजे मलम, प्रकाश आणि प्राणवायू या तिघांची गाठ पडावी लागते. आग, लाली, सूज आणि खपली ही त्या पेशी मेल्याची लक्षणे असल्यामुळे यांतील कशाला परिणाम म्हणायचे आणि कशाला दुष्परिणाम, हे रुग्णाला सांगता येत नाही. मला तरी अखेरपर्यंत सांगता आले नाही.

या शास्त्राचा आरंभच दुष्परिणामांच्या अंगाने झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. म्युनिकमध्ये १९०० च्या सुमारास ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी हर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली एका रंगद्रव्याचा सूक्ष्मजीवांवरील परिणाम तपासत होता. प्रकाश असेल तर जीव लवकर मरतात आणि अंधारात तग धरतात, असे त्याच्या लक्षात आले. पुढे १९१२ साली, म्हणजे योगायोगाने बोवेन यांच्याच वर्षी, फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने स्वतःच्या शरीरात हिमॅटोपॉर्फिरिन हे प्रकाशग्राही द्रव्य टोचून घेतले. तो उन्हात गेला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू न येण्याइतका सुजला आणि प्रकाशाची ही बाधा त्याला पुढे कित्येक आठवडे पुरली. आजही पोर्फायमर नावाचे पीडीटीचे औषध शिरेतून दिलेल्या रुग्णाला निदान ३० दिवस उजेडापासून जपावे लागते. कॅनडात १९९० साली केनेडी आणि पॉटिए यांनी हेच काम त्वचेवर वरून लावायच्या औषधाने होते हे दाखवले, तेव्हा महिन्याचा हा बंदोबस्त दोन दिवसांवर आणि सबंध अंगाचा त्रास तळहाताहून लहान जागेवर आला. हे वाचल्यावर फोनवरच्या त्या ‘दोन दिवस’ या शब्दांबद्दल माझा आदर वाढला.

पुण्याच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या होत्या आणि मला काका म्हणत. त्यांनी पहिल्या भेटीत चट्ट्यापेक्षा माझ्या गोळ्यांची पिशवी जास्त वेळ तपासली. माझ्या रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड होते. हे औषध त्वचेला प्रकाशाबाबत अधिक हळवी करते, आणि दीर्घकाळ घेतल्यास त्वचेच्या काही कर्करोगांशी त्याचा संबंध आढळला आहे, असे त्यांनी सांगितले. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, तर घरच्या डॉक्टरांकडून बदलून घ्यायची, हेही त्यांनी दोनदा बजावले. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक अलीकडे घेतले का, घरात कोणाला पॉर्फिरिया हा आजार आहे का, उन्हाने अंगावर पुरळ येते का, ल्युपसचे निदान कधी झाले आहे का, असे एकेक विचारून त्यांनी शेवटी विचारले, ‘‘काका, कोणी सांगितले म्हणून बावचीचे तेल तर लावत नाही ना?’’ सोलापुरात आमच्या शेजाऱ्यांनी अगदी तेच सुचवले होते आणि बाटलीही आणून दिली होती. बावचीत सोरालेन असते. कोडावर ती पूर्वापार लावतात ते याचसाठी, की तिच्यामुळे त्वचा उन्हाला जास्त प्रतिसाद देते. पीडीटीच्या जागेवर असे दुसरे प्रकाशग्राही द्रव्य नको होते. बाटली परत केली. शेजाऱ्यांना थोडे वाईट वाटले.

उपचार थंडीत करावा असा सल्ला होता. मी मात्र सिद्धेश्वराची यात्रा होऊ द्या, अशी विनंती केली, कारण नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दिवसभर उघड्यावर चालणे व्हायचेच आणि ते चुकवणे माझ्या मनाला पटणारे नव्हते. त्यामुळे पहिले सत्र संक्रांतीनंतर ठरले. प्रकाशच हवा असेल तर सोलापूरच्या उन्हातच मला बसवा, पुण्याला कशाला येऊ, असे मी गमतीने म्हणालो होतो. त्यावर कळले की तशीही एक पद्धत खरोखर आहे. मलम लावून सुमारे दोन तास दिवसाउजेडी बाहेर थांबायचे. त्यात वेदना फारच कमी होते. पण ती उन्हाने आलेल्या पातळ, खरखरीत ठिपक्यांसाठी वापरतात, बोवेनच्या चट्ट्यासाठी दिव्याखालीच बसावे लागते.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने मी आणि पत्नी पुण्याला गेलो. प्रथम चट्ट्यावरचे पापुद्रे चमच्यासारख्या धारदार उपकरणाने हलकेच खरवडले. थोडे रक्त आले, पण दुखले फारसे नाही. मग चट्टा आणि त्याभोवतीची थोडी निरोगी कातडी झाकेल असा मलमाचा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा थर दिला, वर पारदर्शक पट्टी आणि तीवर उजेड शिरू नये म्हणून ॲल्युमिनियमची फॉइल. तीन तास तसेच बसायचे होते. या तीन तासांत काही ठिकाणी किंचित चुरचुरले, याहून जास्त काही सांगण्यासारखे नाही. पट्टी काढून मलम पुसल्यावर खोलीतला उजेड बंद करून वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, धरला. कानशील स्वतःला दिसत नसल्याने डॉक्टरांनी मोबाइलवर छायाचित्र काढून दाखवले. चट्टा विटकरी लाल रंगाने उजळला होता, आणि नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या कडेच्या बाहेर भुवईच्या दिशेने त्याचे एक टोकही उजळले होते. ते टोक कोणाच्याच लक्षात आले नव्हते. प्रकाशाचे क्षेत्र त्याप्रमाणे वाढवण्यात आले.

यानंतरचा भाग म्हणजे ती ‘थोडी आग’. डोळ्यांवर गॉगल लावून दिवा सुरू केला आणि अर्ध्या मिनिटात सोललेल्या जागी तिखट चोळावे तशी आग सुरू झाली. सुईचे टोचणे वेगळे, ठणका वेगळा, पण त्या सगळ्यांच्या वर आग. ती पहिल्या काही मिनिटांत वाढत जाते, शिखर गाठते आणि नंतर थोडी उतरते, कारण प्रकाशग्राही पदार्थ प्रकाशातच संपत जातो. हे मला आधी सांगितले होते म्हणूनच मी बसून राहू शकलो. ती वाढतच जाणार असे वाटले असते तर उठलो असतो. शून्य ते दहा अशा मापावर किती, असे परिचारिका मधूनमधून विचारत होती. मी आठ सांगितल्यावर दिवा थोडा वेळ बंद करून पुन्हा सुरू केला. अशी विश्रांती घेतल्याने उपचार बिघडत नाही, राहिलेला प्रकाश नंतर पूर्ण दिला जातो. पंखा समोर होता आणि थंड पाण्याचा फवारा मारला जात होता. मी बर्फ मागितला तेव्हा मात्र नकार मिळाला. फार गार केले तर रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि या उपचाराला लागणारा प्राणवायूच तेथे कमी पोहोचतो, असे कारण त्यांनी दिले. प्रकाशाची ठरलेली मात्रा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३७ ज्यूल, पूर्ण व्हायला त्या दिव्याखाली दहा मिनिटांहूनही कमी वेळ लागतो. बाहेर बसलेल्या पत्नीला तो वेळ क्षुल्लक वाटला. माझे मत वेगळे आहे. रक्तदाब मोजला तेव्हा तोही बराच चढलेला होता. वेदनेने तो चढू शकतो. माझ्यासारख्या रुग्णांनी ही गोष्ट आधी डॉक्टरांच्या कानावर घातलेली बरी.

वेदना सर्वांना सारखी होत नाही. चेहरा आणि डोके यांवर ती जास्त, धड आणि हातपाय यांवर सहसा कमी. चट्टा जितका मोठा तितकी जास्त. सुन्न करणाऱ्या मलमाचा या आगीवर फारसा उपयोग होत नाही, परंतु कपाळाकडे जाणाऱ्या चेतातंतूजवळ बधिरतेचे इंजेक्शन देता येते. तसा पर्याय मलाही दिला होता आणि एका सुईची भीती बाळगून मी तो नाकारला होता.

दुसरे वाक्य होते उन्हाचे. सोलापूरच्या माणसाला ऊन शिकवावे लागत नाही. वैशाखात पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की बाराच्या आत घरी परतायचे, डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, खिशात कांदा ठेवायचा, हे आम्ही लहानपणापासून करतो. पण आमची ही सगळी सावधगिरी उष्णतेविरुद्ध आहे. पीडीटीनंतरच्या ४८ तासांत वैर असते ते उजेडाशी. त्वचेत उरलेल्या पदार्थाला दिसणारा प्रकाश पुरतो. जानेवारीची थंड हवा, ढगाळ आकाश किंवा बंद काच यांपैकी कशानेही तो अडत नाही, कारण काच अतिनील किरण बऱ्याच अंशी थोपवते, दिसणारा उजेड नव्हे. याच कारणाने नेहमीचे सनस्क्रीनही निरुपयोगी ठरते. ते अतिनील किरणांसाठी बनवलेले असते, त्यामुळे भरपूर सनस्क्रीन फासून बाहेर पडलो तर चालेल का, या माझ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे मिळाले. येथे अपारदर्शक आवरणच लागते. परतीच्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये सूर्यास्ताच्या सुमारास खिडकीची जागा सोडून मी आतल्या बाजूला, पट्टीवर माकडटोपी ओढून बसलो. समोरच्या प्रवाशाला ती थंडीसाठी वाटली असावी.

घरी आमच्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे आणि पडदे पातळ. पत्नीने त्यावर सोलापुरी चादर दुहेरी करून टांगली, आणि तेवढ्या जाड विणीतून उजेडाचा एक ठिपका आला नाही. घरातला नेहमीचा बेताचा दिवा चालतो; डोक्याजवळ आणलेला वाचनाचा दिवा, दंतवैद्याच्या खुर्चीवरचा झोत किंवा हॅलोजन चालत नाही. दातांची एक तारीख मी यासाठीच पुढे ढकलली. गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या जत्रेत, पाळणे अजून उभे होते आणि नातवाचा युक्तिवाद असा होता की आजोबा, रात्री तर ऊन नसते. होम मैदानावरचे झगमगते दिवे आठवून मी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी हसून दोन दिवस थांबायला सांगितले. त्याच आठवड्यात मोहोळकडच्या मित्राच्या शेतावर हुरड्याचे बोलावणे होते, तेही गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवरचे वाळवण उतरवायला मी टोपी न घालता निघालो होतो. ‘‘अहो, निदान टॉवेल तरी घ्या,’’ अशी पत्नीची हाक आली आणि मग तिनेच वाळवण उतरवले.

पहिल्या रात्री जागा गरम आणि ताणलेली वाटली. सकाळी उठलो तर डाव्या डोळ्याची वरची पापणी सुजून अर्धी मिटली होती. उपचार कानशिलावर झाला आणि सूज पापणीवर आली, हे पाहून घरात घबराट उडाली. मात्र पापणीची कातडी सैल असल्याने आजूबाजूचे पाणी झोपेत तेथे उतरते. उशी उंच करून झोपल्यावर आणि गार ओल्या कापडाच्या घड्या ठेवल्यावर ती एक-दोन दिवसांत ओसरली. नजर धूसर झाली असती, डोळ्यात दुखले असते किंवा श्वासाला त्रास झाला असता तर गोष्ट वेगळी होती. या औषधाची ॲलर्जी क्वचित होते, गांधीही उठतात, आणि मलमाचे सत्र पुन्हा पुन्हा झालेल्या काहींना त्याचा संपर्कजन्य इसब होतो. मला यातले काही झाले नाही. एक त्रास मात्र कोणत्याच माहितीपत्रकात वाचला नव्हता : चावताना कानशिलाचा स्नायू हलतो, आणि सुजलेल्या कातडीखाली तो हलला की कळ येते. आमच्याकडे कडक भाकरीशिवाय जेवण होत नाही. त्या दिवसांत मऊ भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली.

नंतर जागेतून पिवळसर लस आली, मग तपकिरी खपली धरली. खपलीच्या कडेला बारीक पांढरे फोड दिसले तेव्हा जंतुसंसर्ग झाला असे मला वाटले. छायाचित्र पाठवल्यावर डॉक्टरांनी सांगितले की असे निर्जंतुक फोड या उपचारानंतर येतात, ते फोडायचे नाहीत आणि त्यासाठी प्रतिजैविक घ्यायचे नाही. काळजी केव्हा करायची, याची खूणही त्यांनी दिली : वेदना उतरायची सोडून पुन्हा वाढू लागली, लाली कडेच्या बाहेर पसरत चालली, घट्ट पू आला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचे. खपली व्हॅसलीन लावून ओलसर ठेवायची, नखाने काढायची नाही. खाज इतकी सुटत असे की रात्री हातात मोजे घालून झोपलो.

बोवेनसाठी एका आठवड्याच्या अंतराने दोन सत्रे देतात. पहिल्या सत्राची खूण पुरती मिटलेली नसते तोच दुसरे येते, आणि माझ्या बाबतीत ते जास्त दुखले. दिवा यावेळी अधिक वेळा थांबवावा लागला. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले की पुष्कळ रुग्णांचा अनुभव असाच असतो. दुसऱ्या सत्राची खपली पडायला वेळही जास्त लागला, आणि ती पडल्यावर खाली गुळगुळीत, गुलाबी, चमकदार कातडी दिसली. घरच्यांनी येथे उपचार संपला असे धरले.

माझ्या दृष्टीने सर्वांत लांबलेला परिणाम त्यानंतर सुरू झाला. ती गुलाबी जागा काही आठवड्यांत कडेने तपकिरी होऊ लागली आणि होळीपर्यंत मूळ चट्ट्याहून मोठा, काळपट डाग कानशिलावर बसला. मला मिळालेले माहितीपत्रक परदेशी मजकुरावरून तयार केलेले होते आणि त्यात लालीविषयी परिच्छेदच्या परिच्छेद होते, काळ्या डागासाठी मात्र एक ओळ. गोऱ्या त्वचेच्या लोकांसाठी ते प्रमाण योग्य असेल. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य जास्त तयार होते. मुरूम, भाजणे, कीटकदंश यांनंतर डाग राहतो तो याच कारणाने, आणि पीडीटी हा तर मुद्दाम घडवलेला दाह आहे. नातेवाइकांना लाली दिसली तेव्हा त्यांनी औषध लागू पडले असे मानले, काळा डाग दिसला तेव्हा रोग उलटला असे मानले. चुलत बहिणीने तर फोनवर दुसऱ्या डॉक्टराचे नाव सुचवले. डाग सपाट असतो, हाताला खरखरीत लागत नाही, त्यावर पापुद्रे धरत नाहीत. उलटलेला रोग पुन्हा खरखरीत, उंचावलेला आणि सोलवटणारा असतो. हा फरक डॉक्टरांनी बोट फिरवून शिकवला आणि तेव्हापासून आंघोळीनंतर मी तसे तपासून पाहतो.

या टप्प्यावर सनस्क्रीनचे काम सुरू झाले, पण तेही रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेले, कारण डाग गडद करण्यात दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो आणि ते तो काही प्रमाणात अडवते. साठी उलटलेल्या माणसाने तोंडाला मातकट रंगाचे मलम लावून भाजी मंडईत जाणे प्रथम अवघड वाटले. शिवाय रात्री ॲझेलेइक ॲसिडचे मलम, आणि चैत्र-वैशाखात रुंद काठाची टोपी. डाग आता फिकट तपकिरी झाला आहे, पुरता गेलेला नाही. काहींचा वर्षभर राहतो, आणि कधी उलट त्या जागेचा रंग उतरून ती फिकी पडते.

तीन महिन्यांनी तपासणी झाली तेव्हा चट्ट्याची जागा स्वच्छ होती. वूड्स लॅम्पखाली ज्या टोकाने आम्हाला चकवले होते तेथेही भिंगातून काही आढळले नाही. बोवेन या उपचारानंतर काही रुग्णांमध्ये परत येतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचे ठरले आहे आणि आता ते काम सोलापुरातच होते. पुन्हा चट्टा उठलाच तर आणखी एकदा पीडीटी करायची की शस्त्रक्रिया, हे नव्या बायोप्सीवर अवलंबून राहील. पीडीटी ठरलीच, तर यावेळी बधिरतेचे इंजेक्शन आधीच द्या, असे मी पुण्याच्या डॉक्टरांना सांगून ठेवले आहे, आणि त्यांनी माझ्या फाइलवर तशी नोंदही केली आहे.